कुंडलिकच्या नावावर

“परवा तुमची सुट्टी हाय न्हवं भाऊ? मग माझ्या नावावर तुमीच बसा की ट्रेनिंगला,” वृषाली म्हणाली आणि पिंपळवंडीकडे निघालेल्या जीपला हात करून, पदर सावरत मागच्या बाकावर चढलीसुद्धा. जीप वळताना तिनं आतून ओरडून सांगितलं, “तुमी बसला म्हंजे मीच बसल्यावानी!” जीपमधल्या बायांना त्यात नवल वाटलं नाही. कुणी कुणाच्या नावावर कुठं बसावं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

सुभाष डेअरीच्या फाटकासमोर तसाच उभा राहिला. हातात टपरीवरचा चहा होता. तो कलंडून बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला होता आणि चांगला कढत होता, हे टपरीवाला “अवो भाऊ, हात भाजंल” म्हणाला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. हात लाल झाला होता. दुखत मात्र नव्हता. गेले काही महिने हे असंच चाललं होतं. ओतूरच्या खोलीवर त्याची बायको मोहिनी म्हणायची, मीठ जास्त झालेलं कळत न्हाई, कमी झालेलं कळत न्हाई, तुमच्यासाठी रांधायचं तरी कशाला? बोलण्यात चेष्टा असायची, पण बोलून झाल्यावर ती त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहायची. तो भाकरी मोडत राही. त्यानं चहाचे पैसे दिले आणि हात पँटला पुसला.

वृषाली वावगं काही बोलली नव्हती. डेअरीत एकमेकांच्या नावावर ट्रेनिंगला बसायची रीत होती आणि ती रीत पाडणाऱ्या दोघांपैकी एक तिचा नवरा कुंडलिक, दुसरा सुभाष. कुंडलिक आषाढात गेला. दूध गार करणाऱ्या यंत्राच्या खोलीत अमोनियाचा गॅस सुटला, त्यात गेला. डेअरीनं त्याच्या जागी वृषालीला पॅकिंगला घेतलं आणि नव्याजुन्या सगळ्यांना गॅसगळतीचं ट्रेनिंग सक्तीचं केलं. ट्रेनिंग नाही तर नोकरी कायम नाही, असं ऑफिसातल्या प्रतिभा मॅडमनी ठणकावलं होतं. वृषाली या गुरुवारच्या तुकडीत होती, सुभाष पुढच्या गुरुवारच्या.

माणसं ट्रेनिंगला का येत नाहीत, हे प्रतिभा मॅडमना कधीच उमगलं नाही. बाई मनानं चांगल्या. त्यांनी आधी चहाबरोबर बिस्किटं ठेवली, मग बिस्किटांच्या जागी वडे ठेवले, मग प्रमाणपत्रं चौकटीत घालून द्यायला लागल्या. माणसं वडे खाऊन मागच्या दारानं पसार होत आणि चौकटीत देवाचे फोटो बसवत. जुनी खोडं म्हणत, “आख्खी हयात मशीनवर गेली, आता पुन्ना बालवाडीत बसू व्हय?” कारण जायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करायचं. तरण्यांना वाटे, शिकलेल्याच्या गळ्यात जास्तीचं काम पडतं. नाही म्हणायला तोंड राहत नाही. पुण्याहून येणारे सर भिंतीवर इंग्रजी अक्षरांची चित्रं पाडत आणि दर थोड्या वेळानं “समजलं ना?” असं विचारत. सगळे एका सुरात “हो” म्हणत. एकदा पाटी फुटली म्हणून शाळा सोडून मोकळी झालेली ही माणसं, “हो” म्हटलं की मास्तर पुढं सरकतो एवढं शाळेतून नेमकं लक्षात ठेवून आली होती. आणि खरं कारण तर कुणी सांगतच नसे. ट्रेनिंग ठेवत सुट्टीच्या दिवशी आणि सुट्टीचा दिवस असतो रानाचा. अर्ध्याहून जास्त डेअरी घरची शेतकरी होती. कुणाचा ऊस, कुणाची केळी, कुणाची पाण्याची पाळी. पाणी काही कुणाच्या प्रमाणपत्रासाठी थांबत नाही.

सुभाष मढचा. त्याच्याकडे पाण्याची पाळी नव्हती, डोंगरउतारावरची भाताची खाचरं होती आणि ती लावायला सावड होती. आज सगळ्यांनी याच्या खाचरात वाकायचं, उद्या त्याच्या. पैसा नाही, लिहिणं नाही, दिवसाला दिवस. त्याची आई अंबाबाई त्याला पोरवयात सांगायची, आपल्या खाचरात रोप वाकडं गेलं तर आपलं वाकडं, लोकाच्या खाचरात गेलं तर तोंड लपवायला जागा न्हाई. म्हणून दुसऱ्याचं काम आपल्यापेक्षा नीट करायचं. आणि सावडीला नाही म्हणायचं नाही. मढमध्ये एकानं नाही म्हटलं होतं, धाकट्याच्या सुपारीचं निमित्त सांगून. पुढच्या साली त्याच्या बांधावर चिटपाखरू फिरकलं नव्हतं. तो माणूस आणि त्याची बायको दोघंच पावसात वाकलेली सुभाषनं लहानपणी बघितली होती. सगळं गाव त्या वाटेनं जाताना खाली बघून जायचं.

कुंडलिकला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. तो बागायतदाराचा पोरगा. त्यांच्याकडे रोज मोजला की माणूस मिळतो आणि हल्ली मोजूनही मिळत नाही. “आमच्यात पैसं दिऊन मानूस येईना आन तुमच्यात फुकट?” सुभाष म्हणाला, “फुकट न्हाई. फेडावं लागतं.” कुंडलिकला ते भलतंच आवडलं. “मंग राव, आजपासनं आपली बी सावड.” असा तो माणूस. एखादी गोष्ट आवडली की गावभर करायचा. सुभाषनं त्याची डेअरीतली पाळी करायची, त्यानं सुभाषची. मग इतरही करायला लागले. पुढे पाळीवरून गोष्ट ट्रेनिंगवर कधी घसरली ते कुणाला कळलंही नाही. ज्याचं रान अडलेलं असेल त्याच्या नावावर दुसऱ्यानं बसायचं, सही ठोकायची, “हो” म्हणायचं. खुर्च्या भरलेल्या दिसायला लागल्या. मॅडम खूश, सर खूश. वड्यांनीच हे केलं असं मॅडमना वाटायचं आणि कुणीही त्यांचा विरस केला नाही.

वैशाखात कुंडलिकच्या टोमॅटोचा तोडा आणि गॅसगळतीचं ट्रेनिंग एकाच दिवशी आलं. सुभाष त्याच्या नावावर बसला. खोलीत उकडत होतं, पंखा नुसता वारा ढकलत होता, आजूबाजूचे पेंगत होते. सुभाषला मात्र पेंग आली नाही. स्वतःच्या नावावर बसला असता तर तोही पेंगला असता. पण हे लोकाचं खाचर होतं. तो ताठ बसून ऐकत राहिला. सरांनी मध्येच एक प्रश्न टाकला, सगळे एकमेकांच्या मानांकडे बघायला लागले, आणि सुभाषनं उठून बरोबर उत्तर दिलं. सर खूश होऊन म्हणाले, “शाब्बास, कुंडलिक!” मागच्या रांगेत एकाला ठसका लागला, त्याच्या मागून सगळी खोली हसली. सरांना वाटलं, आपल्या शिकवण्याला रंग चढला. संध्याकाळी कुंडलिक नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरवून आला तेव्हा सुभाषनं त्याला हे सगळं सांगितलं. शाब्बासकी कशी मिळाली, ठसका कुणाला लागला, सर कसे खुलले. कुंडलिकनं हसत हसत त्याला मिसळ खिलवली. “माज्या बापानं कधी दिली न्हाई ती शाब्बासकी तू मिळवून आनलीस,” असं तो म्हणाला होता. दोघांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

मग आषाढ आला. मढला भाताची आवणी लागली. कुंडलिक म्हणाला, “तू जा. तुझी पाळी मी करतो. माज्यावर एक दिस हायेच तुझा.” सुभाष गेला. दिवसभर वाकून रोप लावताना पायांची कातडी पांढरी पडते, बोटं सुरकुततात, संध्याकाळी आपलं अंग आपलंच आहे की नाही असं वाटायला लागतं. पावसात भिजेल म्हणून फोन घरात फडताळावर ठेवलेला. घोंगडी झटकत घरात आला तेव्हा फोन वाजून वाजून गप झाला होता. पुढचं त्यानं लोकांकडूनच ऐकलं, आणि इतक्या जणांकडून ऐकलं की आता ते त्याला स्वतः पाहिल्यासारखं दिसे. वास आला. माणसं बाहेर धावली. त्या पाळीच्या साहेबानं विचारलं, या पाळीत ट्रेनिंग झालेलं कोण आहे, आणि चार जणांनी सवयीनं कुंडलिककडे बोट केलं. कुंडलिक म्हणू शकला असता, माझं झालेलं नाही, माझ्या नावावर सुभाष बसला होता. तो म्हणाला नाही. का म्हणाला नाही हे आता कोण सांगणार? सुभाषचं नाव पुढं येईल म्हणून असेल, चारचौघांत लाजला असेल, किंवा ‘शाब्बास कुंडलिक’ त्याला खरंच आपलं वाटायला लागलं असेल. तो गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायला आत गेला. पुण्याच्या दवाखान्यात तो थोडेच दिवस होता.

दहाव्याला सुभाष पिंपळवंडीला गेला होता. त्याला वाटलं होतं, आज कुणीतरी आपली गचांडी धरेल. पाळी याची होती, ट्रेनिंगला बसला हा होता, दोन्हीकडून कुंडलिक मधल्यामध्ये गेला, हे उभ्या भावकीला माहीत होतं. पण कुणी एक शब्द काढला नाही. कुंडलिकची आई धोंडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या; त्यांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, मढला पाऊस हाय का? वृषालीनं ताटात दुसऱ्यांदा भात वाढला आणि म्हणाली, जेवा भाऊ, लांबचं आलाय. तो जेवला. भाताला चव नव्हती. तेव्हापासून ती कशालाच नव्हती. एकदा कुणी मनापासून शिवी घातली असती तर बरं झालं असतं असं त्याला अजूनही वाटे. पण सावडीचा हिशेब चुकता झाला होता. त्याचा एक दिवस, याचा एक दिवस. लोकांच्या लेखी फिट्टंफाट होती. आणि फिटलेल्या गोष्टीवरून कोण कुणाला बोलतं?

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यानं मोहिनीला वृषालीचं बोलणं सांगितलं. मोहिनी म्हणाली, “मग बसा की. तेवढंच तिला हातभार.” तिनं हे सरळ मनानं म्हटलं होतं, आणि त्याला तिचा राग आला नाही, कशाचाच आला नाही. बसायला त्याला काही जड नव्हतं. बसता आलं असतं. फिरत्या कागदावर वृषालीच्या नावाची सही करताना कुणी वर मान करून बघितलंही नसतं. तीच खोली, तोच पंखा. तो पुन्हा ताठ बसून सगळं ऐकेल, उलट या खेपेला जास्तच नीट ऐकेल, आणि वृषाली पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहील, गार खोलीच्या भिंतीला लागून. त्या भिंतीतून गॅसचे पाइप जातात. हे त्याला आठवलं.  आपल्याच्यानं हे होणार नाही, एवढं त्याला कळलं, थंडपणे, बाहेर दार वाजलंय हे कळावं तसं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर त्यानं तिला फोन लावला.

“वैनी, मी न्हाई बसनार.”

“दुसरं काम निघालं व्हय?”

“काम न्हाई. तुमी बसा.”

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. “कांद्याचं रोप पार वर आलंय भाऊ. बायांची टोळी नेमकी उद्याच यायचीय. मी न्हाई तर त्यांच्याबरूबर कोन वाकनार? सासूबाईंच्यानं व्हतंय का आता?”

“मी येतो रानात. तुमच्या जागी कांदा लावतो.”

“तुमी?”

“व्हय. ट्रेनिंगला तुमी जा.”

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “त्यांना न्हाई म्हनला न्हवता तुमी.”

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं. सुभाष म्हणाला, “न्हवतो म्हनलो.”

“तुमाला सांगते, कांद्याचं काय, कांदा कुनी बी लावंल. तिथं त्यांचंच उदाहरन देनार हायेत. मॅडम म्हनल्या, नाव घेनार न्हाईत. नाव न घेतल्यानं काय व्हतंय? सगळी माज्याकडंच बघनार. सर चित्र दाखवून सांगनार, ह्यो मानूस हितं चुकला, मग तितं चुकला. आन मी तितं वडा खात बसू?”

 एवढ्या वर्षांत प्रतिभा मॅडमना जे कारण कुणी सांगितलं नव्हतं ते या बाईनं एका दमात सांगितलं होतं: शिकायला गेलं की आपलं माणूस कुठं चुकलं ते कळतं. “तरी बी जा,” एवढंच तो म्हणाला.

“तुमाला सोपं हाय म्हनायला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती जाईल की नाही, हे त्याला गुरुवारी सकाळी पिंपळवंडीच्या रानात पोचेपर्यंत माहीत नव्हतं. मार्गशीर्षातली थंडी होती, उसाच्या पाल्यावरून पाणी ठिबकत होतं. धोंडाबाई बांधावर पोत्यावर बसून रोपांच्या जुड्या सोडत होत्या. त्याला बघून म्हणाल्या, “गेली ती. तोंड न धुता बसलीवती, मग उठली आन गेली. तुला भाकर ठिवलीया.” सुभाषनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिजवलेल्या वाफ्यात उतरला. टोळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. बायांच्या ओळीत एकटा बाप्या. थोड्या वेळानं त्यांच्यातली एक चिमाबाई म्हणून होती, ती ओरडली, “पावनं, कांदा हाय त्यो, भात न्हाई! येवढा खोल गाडला तर पोसंल कसा?” त्यानं मागं वळून बघितलं. आपली सगळी ओळ खोल गेली होती; अंगठ्यानं रोप चिखलात दाबायची मढची सवय. तो मागं गेला आणि एकेक रोप बोटानं वर उचलून घेत पुन्हा आला. बायांना त्याची दया आली असावी. त्या हसायच्या थांबल्या. वाफ्यातलं पाणी गार होतं. ते गार आहे हे त्याला कळत होतं, पण ती बातमी हातांना लांबून कुणीतरी कळवल्यासारखी कळत होती.

उन्हं डोक्यावर आल्यावर फोन वाजला. त्यानं हात दुमडलेल्या पँटला पुसून तो उचलला.

“भाऊ, जेवायची सुट्टी झालीय,” वृषाली म्हणाली. मागं ताटांचा आवाज होता. “मी भाईर आलेय. येक इचारायचं व्हतं.”

“इचारा.”

“वास आला की वल्लं फडकं तोंडाला धरायचं म्हनं. ह्यो गॅस पान्यात इरघळतो. आन वाऱ्याबरूबर पळायचं न्हाई, आडवं निघायचं. आन मेन म्हंजे, गॅस अडवनारं तसलं कापड अंगावर असल्याबिगर आत जायाचंच न्हाई. येकट्यानं तर न्हाईच न्हाई. साहेबानं सांगितलं तरी बी न्हाई. हे तुमाला ठावं व्हतं?”

“व्हतं.”

“कवापासनं?”

“त्याच्या नावावर बसलो तवापासनं. हेच सांगितलंवतं.”

“टावेल कायम खांद्यावर असायचा त्यांच्या,” ती म्हणाली. “आन नळ त्या दाराशीच हाय. आत्ता मी जाऊन बघून आले.”  मग तिनं विचारलं, “मग त्यांना का न्हाई सांगितलं?”

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. चौकशीला आलेल्यांनी विचारला नव्हता, भावकीनं नाही, मोहिनीनं नाही, आणि त्यानं स्वतःही स्वतःला विचारला नव्हता. तू दुसऱ्याच्या नावावर का बसलास, एवढ्याचीच त्यानं मनात हजार उत्तरं करून ठेवली होती. त्यानं खरोखर आठवून बघितलं. मिसळीच्या टेबलावर ते दोघं चांगला तासभर बसले होते. सगळं बोलणं झालं होतं. हे सांगायचं असतं, असंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. लोकाच्या खाचरात रोप लावून आलं की झालं. रोप तिथं राहतं आणि आपण घरी येतो. इथं रोप त्याच्याच हातात राहिलं होतं आणि खाचर मोकळं.

“सुचलंच न्हाई वैनी,” तो म्हणाला.

 ती रडत असेल असं त्याला वाटलं, पण ती रडत नव्हती. “बरं,” ती म्हणाली. “आत बोलावत्यात.”

फोन बंद झाल्यावर तो वाफ्याच्या कडेला उभा राहिला. बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांच्यापासून लांब, बांधावर, धोंडाबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी खुणेनं बोलावलं. तो जाऊन त्यांच्यासमोर चिखलातच उकिडवा बसला.

“काय म्हनती?”

“शिकवलं ते सांगत व्हती.”

“काय शिकवलं?”

तो सांगायला लागला. आधी अडखळला, मग लागला तो थांबला नाही. वास आला की काय करायचं, फडकं कसं भिजवायचं, नाक तोंड दोन्ही कसं झाकायचं, वारा कुठून आहे ते कसं बघायचं, कुठं जमायचं, कुणाला हाका मारायच्या, कुणी आत जायचं आणि कुणी अजिबात जायचं नाही. वैशाखात सर ज्या क्रमानं बोलले होते त्याच क्रमानं, एकही गोष्ट न गाळता, शांतपणे, हात हलवून दाखवत.  जन्मात कधी डेअरीचं फाटक न ओलांडलेली ती म्हातारी मान हलवत सगळं ऐकत होती, आणि तिच्या हातातल्या जुडीची गाठ अर्धी सुटून तशीच राहिली होती. सांगून झालं. सांगायला त्याला अगदी थोडा वेळ लागला होता. बायांची पहिली भाकरीसुद्धा संपली नव्हती.

“येवढंच?” धोंडाबाईंनी विचारलं.

“येवढंच, मावशी.”

त्यांनी जुडीची गाठ सोडली, रोपं त्याच्या ओंजळीत ठेवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “येवढं तर त्याच्या ध्यानात ऱ्हायलं असतं.”